कल्चर अहवालात अनोळखी जिवाणूचे नाव आणि जवळपास सगळ्या प्रतिजैविकांपुढे 'आर' आले, तर त्याचा अर्थ काय?

आपले नातेवाईक अतिदक्षता विभागात आहेत, त्यांच्या कल्चर अहवालात, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या अहवालात, कधी न ऐकलेल्या जिवाणूचे नाव आले आहे आणि बहुतेक औषधांपुढे 'आर' हे अक्षर आहे. हा जंतू नवा आहे का, तो रुग्णालयातच लागला का आणि भेटायला जाणाऱ्यांना त्याचा धोका आहे का, असे आपण विचारले आहे. मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करतो. असे अहवाल आम्हीच तयार करतो, पण उपचार आम्ही ठरवत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

जंतू सहसा नवा नसतो. क्लेबसिएला माणसाच्या आतड्यात पूर्वीपासून राहत आलेला आहे. स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर, स्टेनोट्रोफोमोनास हे माती, पाणी, ओलसर पृष्ठभाग अशा ठिकाणी आढळणारे जिवाणू आहेत. एलिझाबेथकिंगिया हे नाव आज नवलाचे वाटते, पण ज्या अमेरिकी संशोधिकेच्या नावावरून ते ठेवले त्या एलिझाबेथ किंग यांनी नवजात बालकांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या या जिवाणूचे वर्णन १९५९ मध्येच केले होते. निरोगी माणसाचे हे जंतू सहसा काही बिघडवू शकत नाहीत. बदलला आहे तो रुग्ण. ज्या आजारांत पूर्वी माणूस थोड्या दिवसांत दगावत असे, त्यांत आता तो श्वसनयंत्र, डायलिसिस, मोठ्या शिरेतली नळी आणि लघवीची नळी यांच्या आधाराने कित्येक आठवडे जगतो. त्यातली प्रत्येक नळी त्वचेचा किंवा श्लेष्मल आवरणाचा बांध ओलांडून आत जाते. नळीच्या पृष्ठभागावर जिवाणू चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. नवेपणाचा थोडा वाटा आमच्या यंत्रांचाही आहे. पूर्वी ज्या जंतूची ओळख आम्ही मोघम लिहीत होतो, त्याचे नेमके नाव आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून जंतू ओळखणाऱ्या यंत्राने, काही मिनिटांत कळते, आणि मग तो अचानक उगवल्यासारखा वाटतो.

आता 'आर' विषयी. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, अर्थात नेहमीच्या मात्रेत त्या औषधाचा या जंतूवर परिणाम होण्याची अपेक्षा नाही. एका रुग्णाचा मुलगा एकदा अहवालातले 'आर' मोजून आला होता आणि ते बारा आहेत म्हणून हादरून गेला होता. त्याची भीती मला समजली, पण या अक्षरांची संख्या आजाराची तीव्रता सांगत नाही. काही जंतूंचा प्रतिरोध जन्मजात असतो. स्टेनोट्रोफोमोनासवर कार्बापेनेम गटातली भारी प्रतिजैविके मुळातच चालत नाहीत. उलट तीच औषधे बरेच दिवस दिल्यावर बाकीचे जंतू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हा वाढतो. तरीही त्याच्यावर कोट्रायमोक्झाझोल हे जुने, साधे औषध बहुधा लागू पडते. एलिझाबेथकिंगियावर कार्बापेनेम चालत नाही, शेवटचा उपाय म्हणून दिले जाणारे कोलिस्टिनही चालत नाही, पण मिनोसायक्लिनसारखे औषध अनेकदा उपयोगी पडते. म्हणून 'आर' मोजण्यापेक्षा 'एस', म्हणजे औषध लागू पडण्याची खूण, कुठे आहे आणि ते औषध संसर्गाच्या जागी पोहोचते का, हे पाहावे. लघवीत उत्तम साठणारे औषध फुप्फुसात निरुपयोगी ठरू शकते.

खरी काळजी कमावलेल्या प्रतिरोधाची आहे. पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधी, १९४० मध्येच, ते मोडून टाकणारे एन्झाइम जिवाणूंमध्ये सापडले होते. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूसाठी मेथिसिलिन हे औषध आणले, तर त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदवला गेला. प्रतिजैविक हा प्रतिरोध निर्माण करतेच असे नाही. ते मुख्यतः प्रतिरोधी जंतूंचे प्रतिस्पर्धी मारून त्यांना मोकळे रान देते. त्यात भर म्हणजे प्रतिरोधाची जनुके बहुधा प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि ती एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातात. कार्बापेनेम मोडणारी केपीसी आणि एनडीएम ही एन्झाइमे अशीच पसरली. एकाच प्लाझ्मिडवर अनेक गटांच्या औषधांना निष्प्रभ करणारी जनुके एकत्र बसलेली असतात, त्यामुळे एका औषधाचा वापर दुसऱ्याचा प्रतिरोधही टिकवून ठेवतो.

अहवालात शेवटच्या ओळीला अनेकदा कोलिस्टिन दिसते. मूत्रपिंडांना इजा होते म्हणून हे जुने औषध जवळजवळ बाजूला पडले होते. दुसरे काही उरले नाही म्हणून ते परत आले. २०१५ मध्ये त्यालाही निष्प्रभ करणारे, प्लाझ्मिडवरून फिरणारे जनुक चीनमध्ये डुकरांमधल्या आणि रुग्णांमधल्या जिवाणूंत सापडले, कारण पशुपालनात कोलिस्टिनचा वापर सुरूच होता. नव्या औषधांपैकी सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम केपीसीवर चालते, एनडीएमवर चालत नाही. म्हणून प्रतिरोध नेमका कोणत्या एन्झाइममुळे आहे, हे तपासले आहे का, असे डॉक्टरांना विचारणे मला 'सर्वांत भारी औषध द्या' म्हणण्यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

आपण न विचारलेला, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की, जंतू सापडणे आणि जंतूमुळे आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वसननळीतून काढलेल्या स्रावात असिनेटोबॅक्टर वाढला, पण ताप नाही, ऑक्सिजनची गरज वाढलेली नाही आणि एक्स-रेमध्ये नवा डाग नाही, तर तो तिथे नुसता राहत असण्याची शक्यता बरीच असते. तोच जंतू रक्ताच्या कल्चरमध्ये आला तर गोष्ट गंभीर. बरेच दिवस नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जिवाणू सापडणारच. रुग्णाची लक्षणे न पाहता नुसत्या अहवालाला औषध देण्याची सवय, माझ्या मते, रुग्णालयांतल्या अनावश्यक प्रतिजैविकांचे मोठे कारण आहे, आणि नमुने गरज नसताना पाठवले जातात हेही त्यातच आले. त्यामुळे नमुना कुठून घेतला होता, हे आधी पाहा.

तो रुग्णालयात लागला का? दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर सुरू झालेला संसर्ग साधारणपणे रुग्णालयातला धरतात. पण जंतू नेमका कुठून आला, हे इतके सोपे नसते. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात एक महिला रुग्ण केपीसी असलेला क्लेबसिएला घेऊन आली. तिला वेगळे ठेवले, ती घरीही गेली, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच रुग्णात तो जंतू आढळला. शेवटी १८ रुग्णांपर्यंत तो पोहोचला. त्यांतले ११ दगावले, पैकी ६ जणांचा मृत्यू या संसर्गाने झाला असे ठरले. जंतूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचल्यावर लक्षात आले की लक्षणे नसलेले वाहक रुग्ण मधल्या कड्या होते. बेसिनच्या मोरीत आणि स्वच्छ केलेल्या एका श्वसनयंत्रावरही तो सापडला. इतकी दक्षता असलेल्या ठिकाणी हे झाले, म्हणून केवळ अहवालावरून कुणाचा निष्काळजीपणा सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. मात्र हात धुण्याची सोय, रुग्णाला वेगळे ठेवणे आणि नळी अजून हवी आहे का याची रोजची विचारणा, या गोष्टींबद्दल विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

भेटायला जाणाऱ्या निरोगी माणसाला धोका फार कमी असतो. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि तान्ह्या मुलांना घेऊन कुणी जाऊ नये. नळ्यांना हात लावू नये, आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करावेत. रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूचे जुलाब असतील तर अल्कोहोलचे द्रावण पुरत नाही, कारण या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपे, अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. घरी सोडल्यावर हा अहवाल फाइलमध्ये जपून ठेवा. प्रतिरोधी जंतू आतड्यात कित्येक महिने राहू शकतो, आणि पुढे कधी तातडीने दाखल करावे लागले तर पहिले प्रतिजैविक निवडताना डॉक्टरांना या कागदाचा उपयोग होईल. कारण नव्या कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात.