टॅक्समध्ये सूट दिली तर सरकारचा खर्च कसला, पैसे तर आमचेच ना?

तुमचा प्रश्न असा की पगारदाराला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळाली की पेपरात 'तिजोरीवर एक लाख कोटींचा बोजा' असं छापून येतं, पण सरकारनं खिशातून तर काहीच काढलं नाही, आमचा घामाचा पैसा आमच्याकडंच राहिला, मग तो खर्च कसा? आणि खाली तुम्ही जोडलंय की शेतकऱ्याला तर पूर्णच माफ आहे, त्याचा हिशोब का नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं ऑनलाइनचं दुकान चालवतो, सातबारा, पीकविमा, केवायसी हे वर्षभर चालतं आणि फेब्रुवारी लागला की झेडपीच्या गुरुजी-मॅडम लोकांची टॅक्सची पत्रकं. म्हणून दोन्ही बाजूचे लोक माझ्याच टेबलासमोर बसतात. यंदाचीच गोष्ट सांगतो. एक सिनिअर गुरुजी आले, वर्षाचा पगार 12 लाख. मी आकडे टाकले, 75 हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट) गेलं, राहिले 11 लाख 25 हजार, नव्या पद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) टॅक्स शून्य. याच पगारावर 2024-25 मध्ये त्यांना 68,750 टॅक्स आणि वर 4 टक्के सेस (टॅक्सवरचा जादा कर), असे 71,500 लागले असते. बाजूच्या खुर्चीवर एक काका, पीएम किसानचा 2,000 चा हप्ता अडकला म्हणून आलेले, कापूस वेचून वेचून बोटाच्या रेषा गेलेल्या त्यामुळं मशीनवर अंगठा लागत नव्हता, ते तिसऱ्यांदा आले होते. काकांनी सहज विचारलं, "गुरुजी, तुमाले सरकारनं यंदा काई देलं का?" गुरुजी म्हणाले, "मले काय देते सरकार, पगारातून कापत होते ते यंदा कापलं नाही, एवढंच."

गुरुजी मनापासून बोलले आणि त्यांचं म्हणणं अन् तुमचं म्हणणं एकच आहे. पण मला ते पटत नाही, का ते सांगतो.

समजा सरकारनं गुरुजींकडून 71,500 कापून घेतले असते आणि दुसऱ्या दिवशी 'शिक्षक सन्मान' म्हणून तेवढेच खात्यात टाकले असते, तर त्याला तुम्ही खर्च म्हटलं असतं ना? बजेटमध्ये ती ओळ दिसली असती, विधिमंडळात संसदेत कोणीतरी विचारलं असतं. न कापणं आणि कापून परत देणं, दोन्हीत गुरुजींच्या हातात तेच आणि तिजोरीतही तेच. ही गोष्ट 1967 च्या सुमारास अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या स्टॅन्ली सरी नावाच्या माणसानं ठासून मांडली, त्याला त्यानं टॅक्स एक्स्पेंडिचर म्हटलं, म्हणजे कराच्या वाटेनं केलेला खर्च. आपल्याकडंही 2006-07 च्या बजेटपासून केंद्र सरकार याचं पत्रक काढतं, रिसीट बजेटला, म्हणजे जमेच्या बजेटला जोडलेलं असतं, कुठल्या कलमाच्या सवलतीपायी किती महसूल सुटला ते त्यात कलमवार आहे. पगारदारांच्या बाजूनं त्यात वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा आकडा 80सी चा, म्हणजे पीपीएफ-विमा अशा गुंतवणुकीवरच्या वजावटीचा राहिलेला आहे.

आता आकारमान बघा. 1 फेब्रुवारी 2025 च्या बजेटमध्ये 12 लाखापर्यंत टॅक्स नाही असं जाहीर झालं, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भाषणातच सांगितलं की यात प्रत्यक्ष करातले अंदाजे 1 लाख कोटी सोडावे लागतील. त्याच बजेटमध्ये अख्ख्या देशाच्या रोजगार हमीला 86,000 कोटी होते. पीएम किसानला 63,500 कोटी. म्हणजे एका घोषणेची किंमत देशभरच्या रोहयोच्या मजुरीपेक्षा जास्त. हे मी सूट देऊ नका म्हणून नाही सांगत, आकडा डोळ्यासमोर यावा म्हणून सांगतोय.

आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. इन्कम टॅक्स एकट्या दिल्लीचा नसतो. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो; 15 व्या आयोगानं 2021-26 साठी वाटपाच्या करातला 41 टक्के वाटा राज्यांना ठरवून दिला, त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के. तुम्हीच कॅल्क्युलेटर घ्या, एक लाख कोटी सोडले तर त्यातला सेस वगळून (सेस राज्यांना वाटत नाहीत) महाराष्ट्राच्या वाट्याचे अडीच हजार कोटींच्या आसपास गेले. घोषणा दिल्लीत झाली आणि कात्री मुंबईच्या तिजोरीलाही लागली, ज्यातून आमच्याकडचे पांदण रस्ते, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि त्याच गुरुजींचा पगारसुद्धा निघतो.

मला खरं खुपतं ते जुन्या पद्धतीतल्या वजावटींचं. 80सी मध्ये दीड लाख गुंतवा, ही मर्यादा 2014 पासून तीच आहे. दोन माणसांनी सारखेच दीड लाख पीपीएफमध्ये टाकले, तर 30 टक्क्याच्या स्लॅबवाल्याचे (वरच्या उत्पन्नावर 30 टक्के दर बसणाऱ्याचे) सेस धरून 46,800 वाचतात, 20 टक्केवाल्याचे 31,200, आणि काकांनी पोटाला चिमटा घेऊन पोस्टात टाकले तर शून्य, कारण त्यांना टॅक्सच बसत नाही. ज्याला मदतीची गरज कमी त्याला जास्त, हे उघडपणे अनुदान म्हणून कोणतंही सरकार देऊ शकलं नसतं, लोकांनी रस्त्यावर बसकण मारली असती. सूट म्हणून दिलं की चालतं.

त्या मानानं नवी पद्धत मला बरी वाटते, पॉलिसीच्या पावत्या नाहीत, भाड्याच्या पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावायची धावपळ नाही. जुलै 2024 अखेरपर्यंत आलेल्या 7.28 कोटी रिटर्नपैकी 5.27 कोटी नव्या पद्धतीतलेच होते, म्हणजे लोकांनीही ती उचलली.

हां, एक लाख कोटी हा आकडा जसाच्या तसा धरून बसू नका. तो अंदाज आहे. सूट बंद केली तर तेवढे सगळे जमा होतीलच असं नाही, माणूस पैसा दुसरीकडं फिरवतो, आणि गुरुजींनी वाचलेल्या पैशातून फ्रिज घेतला तर त्यातला काही भाग जीएसटीतून परत तिजोरीत जातोच. पण आकडा थोडा खाली-वर झाला म्हणून तो खर्च नाही असं होत नाही.

आता शेतकऱ्याचं. केंद्राला शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स लावायचा अधिकारच घटनेनं दिलेला नाही, केंद्र सूचीत 82 क्रमांकाला 'शेती उत्पन्न सोडून' असंच लिहिलंय आणि तो विषय राज्य सूचीत आहे. शंभर एकरवाल्याला यातून फायदा होतो, शेतीच्या नावावर दुसरा पैसा दाखवणारेही असतात, त्यांच्यावर टॅक्स लागला पाहिजे असं माझंही मत आहे. पण आमच्या काकांचा हिशोब करा. पाच एकर कोरडवाहू, एकरी सहा क्विंटल कापूस धरला आणि 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 पूर्ण मिळाला तरी झाले 2 लाख 43 हजार, तेही बियाणं-खत-फवारणी-वेचाई काढायच्या आधी. हे तर 4 लाखाच्या, टॅक्स नसलेल्या पहिल्या स्लॅबच्याही खाली आहे, शेतीला माफी नसती तरी त्यांना एक रुपया टॅक्स लागला नसता. उलट फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी ते देतात आणि व्यापाऱ्यासारखा तो परत मिळत नाही.

त्यांना केंद्राचे सहा आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा, असे वर्षाला 12 हजार मिळतात. त्यासाठी केवायसी, आधार लिंक, जमिनीची नोंद, गावभर यादी. गुरुजींच्या 71,500 ला यादी लागत नाही. गुरुजी चांगले माणूस आहेत, टॅक्सही त्यांनी इमानदारीनं भरला, ती सूट त्यांना मिळावीच. माझं एवढंच म्हणणं आहे की दोन्ही रकमा एकाच वहीत, एकाच पानावर मांडा आणि मग कोणावर किती खर्च होतो ते बोला.

काकांचं शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून जमलं, उन्हात दुकानाबाहेर उभं करून फोटो घेतला तेव्हा.