वाचक विचारतात : मुलींचा पहिला मुक्काम कुठं करायचा?

प्रश्न : ताई, मी सातारा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. यंदा गाईड पथक माझ्याकडं आलंय, कॅप्टनचं ट्रेनिंग पण झालंय. पाचवी ते नववीच्या मिळून २६ मुली आहेत. डिसेंबरात एका रात्रीचं शिबिर घ्यायचंय पण पालक म्हणतात दिवसभर न्या, रात्रीचं नको. हेडसर म्हणतात जबाबदारी तुमची. आणि मुलींना तर डायरेक्ट अजिंक्यताऱ्यावर तंबू ठोकायचेत! सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाई, पहिला मुक्काम शाळेच्याच मैदानावर करा. मुली तोंड वाकडं करतील, करू देत. रात्री एकदा दिवे घालवले आणि तंबूत बॅटरी लावून कुजबुज सुरू झाली की ते मैदान शाळेचं आहे हे कुणाला आठवत पण नाही, स्वानुभव आहे.

माझं पहिलं शिबिर मी नको त्या जोशात यवतेश्वरच्या बाजूला एका माळावर घेतलं होतं, जानेवारीत. वारा असा सुटला की रात्री दोनला दोन तंबू आडवे, खुंट्या आम्ही सरळ उभ्या ठोकलेल्या, तिरक्या ठोकायच्या असतात हे पुस्तकात वाचलेलं पण हाताला ठाऊक नव्हतं. पोरींना त्याची मजाच वाटली, अजून भेटल्या की तेच सांगतात. मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिलीये. एक सहावीतली मुलगी संध्याकाळपासून सकाळपर्यंत लघवीला गेलीच नाही, कारण आडोसा लांब होता, अंधार होता, आणि सांगायची लाज. घरी गेल्यावर दोन दिवस तापानं पडून होती. तिच्या आईनं मला शब्दानं काही विचारलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून माझं शिबिर टॉयलेटपासून सुरू होतं. जागा बघायला गेले की व्ह्यू नंतर. मैदानावर असाल तर शाळेचं टॉयलेट आहेच, फक्त रात्रभर दिवा चालू, कडी आतून नीट लागते का ते आदल्या दिवशी स्वतः बघायचं आणि दाराशी भरलेली बादली. पुढं कधी माळावर गेलात तर पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब अरुंद खड्डा, दोन फूट तरी खोल, चारी बाजूंनी जुनी साडी नाहीतर ताडपत्री, शेजारी मातीचा ढीग आणि डबडं, आणि तंबूपासून तिथपर्यंत दोरी बांधायची म्हणजे अंधारात दोरीला धरून जाता येतं. एकटीनं जायचं नाही, जोडीदारीण उठवायची, आणि उठवलं म्हणून कुणी कुरकुर करायची नाही हा नियम पहिल्याच दिवशी. पॅड तुमच्या बॅगेत जादा ठेवा, कागदात गुंडाळून परत आणायची वेगळी पिशवी ठेवा. आणि पाळी आलीये म्हणून एखादी स्वयंपाकाजवळ यायला तयार नसेल तर भाषण देऊ नका, तिच्या हातात सरळ परात द्या, कणीक मळ म्हणा.

पालकसभेत पण हेच सांगा. आपण तिथं शिस्त, नेतृत्व वगैरे बोलत बसतो आणि आयांच्या मनात एकच असतं, रात्री पोरगी उठली तर कुठं जाणार, सोबत कोण. फळ्यावर नकाशा काढा, तंबू इथं, टॉयलेट इथं, मी इथं झोपणार, गेटवर कोण. दोन आयांना मुक्कामाला बोलवा, रात्रीची पाळी त्यांना वाटून द्या. बाकीच्यांना शेकोटीला यायला सांगा, साडेआठला घरी. हेडसरांना लेखी अर्ज, प्रत्येक पालकाची सही, औषधांची आणि अ‍ॅलर्जीची यादी, १०८ सगळ्यांना पाठ. आणि कुणी म्हणालंच की मुलींना कशाला हे, तर १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलग्यांचा स्काऊट मेळावा होता तिथं मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही हे पाहिजे म्हणाल्या, त्यातून १९१० ला गाईड सुरू झालं, एवढं सांगा. (आपल्या पुण्यातलं संगम, जगभरातल्या गाईड मुलींचं केंद्र, १९६६ पासून आहे. पुढच्या वर्षी जमलं तर दाखवून आणा.)

२६ मुलींचे चार संघ पाडा, सहासात जणींचे, जाई, मोगरा अशी फुलांची नावं त्यांची त्यांना ठेवू देत. जेवणाचा मेनू, बाजार, हिशोब संघनायिकांवर सोडा. मसालेभात करपेल, खा. बिनभांड्याच्या स्वयंपाकात वांगी, रताळी निखाऱ्यात आणि काठीला कणीक गुंडाळून, यात पोरी दोन तास कुठं हलत नाहीत.

गडाचं म्हणाल तर अजिंक्यतारा दिवसाचा करा, सकाळी लवकर चढून जेवायच्या आत खाली. गडाच्या कड्याला आग्या मोहोळ असू शकतं, त्यामुळं वर धूर नको, आरडाओरडा नको, डोक्याला लावायचं वासाचं तेल पण त्या दिवशी नको. कास पठारावर तंबू आणि शेकोटीचा विचारच नको, २०१२ पासून जागतिक वारसा आहे ते. आणि डिसेंबरात आपल्याकडचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, वणवा लागायला एक ठिणगी बास, म्हणून शेकोटी कुठंही करा पण भोवतीचं दहा फूट गवत आधी काढायचं, पाणी जवळ ठेवायचं, आणि झोपायच्या आधी राखेत हात घालता येईल इतकी ती विझवायची. सकाळी बूट झटकून घालायचे. साप चावलाच तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, तो पाय हलू न देता सरळ दवाखान्यात.

प्रश्न : मी तासगावची, नववीत आहे. मला संघनायिका केलंय पण माझ्या संघातल्या मुली माझं ऐकतच नाहीत. महिन्यानं दंडोबाला शिबिर आहे. काय करू?

उत्तर : अगं, तू भांडी घासायला स्वतः बसतेस का, ते आधी सांग. बसत असशील तर मग कामं तू वाटू नकोस, सहा चिठ्ठ्या टाक, तुझी पण त्यात, आणि जी सगळ्यात जास्त उलट बोलते तिला चिठ्ठ्या उचलायला लाव. आणि भांडण सगळ्यांसमोर नको, तिला पाणी आणायच्या निमित्तानं बाजूला ने आणि विचार काय झालंय. बऱ्याचदा तिला नायिका व्हायचं होतं, एवढंच असतं. तसं निघालं तर शिबिरात तिला उपनायिका कर, आणि बाईंना आधी सांगून ठेव.