तळाला पाय न टेकवता

प्रश्न : दोन किलोमीटर खोल समुद्रात तेलाचे प्लॅटफॉर्म तरंगते असतात म्हणे. मग ते वादळात हलत कसे नाहीत? आणि इतके प्रकार कशाला?

उत्तर : हलतात तर! कसं आणि किती हलू द्यायचं, यावरूनच प्रकार पडले. आडवं थोडं सरकलं तरी भागतं, नांगराचे दोर परत ओढतात. जाच असतो तो वरखाली होण्याचा. तळातून तेल वर आणणारा पोलादी पाइप, आमच्या भाषेत रायझर, खाली पक्का असतो. वरचं टोक प्लॅटफॉर्मबरोबर उसळत राहिलं, तर तो थकतो आणि शेवटी तडकतो.

झोपाळा बघा. त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो चढतो. लाटा साधारण 5 ते 20 सेकंदांनी येतात, म्हणून प्लॅटफॉर्मची वरखाली होण्याची लय या पट्ट्याबाहेर ठेवायची. टीएलपी, म्हणजे टेन्शन लेग प्लॅटफॉर्म, उभ्या पोलादी नळ्यांनी तळाशी इतका घट्ट खेचलेला असतो, की त्याची लय 2 ते 4 सेकंदांवर येते. पहिला 1984 साली उत्तर समुद्रात हटन क्षेत्रावर बसला. मात्र दीड किलोमीटरच्या आसपास नळ्या फार लांब, जड आणि लवचीक होतात. स्पारची रीत उलटी. तो उभा दंडगोल, बुडाशी जड भार, बहुतेक अंग पाण्याखाली, जिथे लाटेचा जोर ओसरलेला असतो. त्याची लय 20 सेकंदांच्या पलीकडे जाते. मेक्सिकोच्या आखातातला पर्डिडो स्पार सुमारे 2450 मीटर पाण्यावर उभा आहे. या दोन्ही प्रकारांत विहिरीचे व्हॉल्व्ह डेकवर घेता येतात, दुरुस्तीला हात पोचतो. माझ्या मते हा फार मोठा फायदा आहे.

सेमी-सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात अर्धवट बुडालेल्या पोकळ तराफ्यांवर खांबांनी उचललेला डेक, आणि एफपीएसओ जास्त हलतात, म्हणून त्यांच्या विहिरींचे व्हॉल्व्ह सहसा समुद्रतळावरच असतात. पण एफपीएसओ हे जहाजच, पोटात तेल साठवतं. किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन नसेल तिथे तेच हवं. मी अशा जहाजावर काम केलं आहे. नांगराचे दोर टरेट नावाच्या जागेवर स्थिर राहणाऱ्या खांबाला बांधलेले, जहाज त्याभोवती वाऱ्याकडे तोंड करून वळतं. सकाळी माझ्या केबिनच्या खिडकीत ऊन असायचं. दुपारी वारा फिरला की शेजारचा ड्रिलिंग रिग त्याच खिडकीतून हळूहळू सरकत जायचा आणि पायाखाली काहीच जाणवायचं नाही.