'मराठवाड्याचं पॅकेज कागदावरच राहिलं' हा विरोधी पक्षाचा आरोप खरा मानावा का?

सरसकट खरा मानू नका आणि उडवूनही लावू नका, कामागणिक तपासा. 16 सप्टेंबर 2023 ला छत्रपती संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे 59,000 कोटींची घोषणा झाली. त्यातले 14,000 कोटींच्या आसपास सिंचन प्रकल्पांच्या सुधारित प्रशासकीय मान्यतेचे, म्हणजे बदललेल्या खर्चाला दिलेल्या सरकारी मंजुरीचे होते. मान्यता म्हणजे तिजोरीतून निघालेला पैसा नव्हे. सरकार मान्यतेचा आकडा निधी म्हणून सांगतं, विरोधक त्याच आकड्यासमोर झालेला खर्च ठेवतात, म्हणून तफावत प्रचंड दिसते.

तुमच्या तालुक्यातलं एक काम घ्या आणि शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर दोन जीआर शोधा:
- प्रशासकीय मान्यतेचा
- निधी वितरणाचा

दुसरा निघालाच नसेल तर आरोपात दम आहे. पुढे अर्थसंकल्पी पुस्तकांतला 'प्रत्यक्ष खर्च' हा रकाना आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल बघा. मीही आकडे तिथूनच पडताळतो. त्यांना ना सत्ताधारी नाकारू शकत ना विरोधक.

फक्त एक ध्यानात असू द्या: धरण-कालव्याची कामं वर्षानुवर्षं चालतात, एका वर्षाच्या खर्चावरून त्यांचा निकाल लावणं अन्यायाचं आहे. रस्ता किंवा शाळाखोल्यांना ही सबब चालत नाही.