बाबांची बुलेट, आईची सही

ताई,
माझे बाबा गेल्या मार्गशीर्षात हार्ट अटॅकने गेले. त्यांची 1994 ची बुलेट पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. 'एकदा आपण दोघं गाडीवरून नेत्रावळीला जाऊ, बुडबुड्यांच्या तळीवर टाळ्या वाजवून बुडबुडे वर येताना बघू, रात्री तंबूत राहू,' असं ते मी शाळेत असल्यापासून म्हणायचे. राहूनच गेलं. आता वर्षश्राद्धाच्या दिवशी मी एकटी निघायचं ठरवलंय. भटजी, पिंड यांत माझं मन लागत नाही. हे ऐकल्यापासून आई धड जेवत नाही. काका म्हणतात, गाडी विकून टाका. मी रोज अ‍ॅक्टिव्हा चालवते, बुलेट मात्र बाबांनी वाड्यावरच थोडीफार शिकवली होती. माझं चुकतंय का?
– डिचोलीची लेक

बाळ,

जा. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. बापाने बोलून ठेवलेला प्रवास लेकीने पुरा करावा यात चुकीचं काही नाही, आणि मुलगी एकटी म्हणून तो अडवावा असं मला मुळीच वाटत नाही.

फक्त वर्षश्राद्धाच्या दिवशी जाऊ नकोस. पिंडात मन लागत नाही तर नको लागू दे, पण आईसाठी त्या दिवशी घरी राहा. सकाळी भटजी येतील, नातेवाईक येतील, पानं वाढली जातील. दुपारी सगळे पांगले की घरात आई एकटी आणि पडवीत गाडीची रिकामी जागा. गेल्या वर्षी याच तिथीला घरातलं एक माणूस गेलं. यंदा त्याच तिथीला दुसरं माणूस हेल्मेट घालून निघालं, तर तिला घास गिळवेल कसा? ती तुला अडवतेय असं तुला वाटतंय. मला तुझ्या पत्रात ती घाबरलेली दिसते. तिथी तिच्याजवळ काढ आणि त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी नीघ.

तोवर कामं भरपूर आहेत. गाडी अजून बाबांच्याच नावावर असणार. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून ती वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. मुदत टळली असली तरी आधी हेच कर, उशिराचं जे शुल्क पडेल ते भर. विमाही त्याच नावावर हवा, नाहीतर वेळेला कंपनी हात वर करेल. 15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, ती झालीय का बघ. आणि तुझं लायसन्स गिअरवाल्या मोटारसायकलचं आहे ना? नुसतं बिनगिअरचं असेल तर ते बुलेटला चालत नाही.

या कागदपत्रांत एक गोष्ट अशी आहे की ती मला तंबूपेक्षा महत्त्वाची वाटते. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसला तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात. म्हणजे ती बुलेट आजही निम्मी तुझ्या आईची आहे. काकांनी कितीही म्हटलं तरी तिला डावलून ती विकता येणार नाही, आणि तुलाही ती परस्पर नेता येणार नाही. तेव्हा कागद घेऊन तिच्यासमोर बस. सही मागण्याआधी विचार, गाडी घरी आली तो दिवस तिला आठवतो का, ती दोघं गाडीवरून पहिल्यांदा कुठे जाऊन आली. तुझ्या सबंध पत्रात त्या गाडीवर बाबा आहेत, तू आहेस. मागे बसलेली आई कुठेच नाही, आणि मला ते खटकलं.

आता चालवण्याचं. इथे मी कडक बोलणार आहे. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असतो आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. पण त्याहून मोठा धोका तुझ्या डाव्या हातात आहे. अ‍ॅक्टिव्हावर डावी मूठ आवळली की मागचा ब्रेक लागतो, बुलेटवर तिथे क्लच आहे. समोर अचानक एखादं जनावर आलं की तुझा हात सवयीने आवळेल आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटून पुढे घरंगळेल. ही सवय मोडायला वेळ लागतो. जुन्या बुलेटवर हात बसलेला मेस्त्री शोध, ब्रेक, टायर, केबली, वायरिंग सगळं करून घे, आणि पहाटे रिकाम्या मैदानावर त्याच्या देखत चालव. आधी डिकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी कळ दाबून अ‍ॅमीटरची, म्हणजे वीजप्रवाह दाखवणाऱ्या काट्याची सुई मध्यावर आणायची आणि मगच किक मारायची, हे बाबांनी शिकवलं असेलच. नसेल तर तेही शिकून घे. मग मागे तंबू बांधून एकदा फोंड्यापर्यंत जाऊन ये. ओझं असलं की गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

नेत्रावळीचं रान अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. माझं ऐकशील तर गावातल्या एखाद्या होमस्टेला आधी फोन करून त्यांच्या अंगणात तंबू लावायची परवानगी माग. बाबांची तंबूची हौसही पुरी होईल आणि हाकेच्या अंतरावर घरही असेल. कुळागरात जागा दिली तर माडा-पोफळीखाली मात्र लावू नकोस, नारळ आणि झावळ्या रात्रीही पडतात. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, म्हणून तंबूची चेन सतत बंद ठेव आणि सकाळी बूट झाडून घाल. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, त्याच्या विषारी वायूने झोपेतच जीव जातो. सांगे ओलांडल्यावर रान दाट होतं, संध्याकाळी रस्त्यावर गवे येतात. उजेड असतानाच मुक्कामाला पोच. रानात रेंज जाते, हे आईला आधीच सांग. फोन कुठून आणि साधारण किती वाजता करशील ते ठरव, आणि होमस्टेचा नंबर तिच्याकडे कागदावर लिहून ठेव.

निघण्याआधी एक रात्र तंबू घरच्या अंगणात तुळशीसमोर लाव आणि आईला आत बोलाव. चेन कशी लागते, आत किती जागा असते, तू कुठे झोपणार, हे तिने डोळ्यांनी पाहिलं की निम्मी भीती कमी होईल. तिला तिथेच झोपावंसं वाटलं तर झोपू दे.

डिसेंबरपर्यंत गाडीवर हात बसला नाही किंवा कागद अडकले, तर जानेवारीत जा, फेब्रुवारीत जा. तेही जमलं नाही तर पुढचा पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर. आणि काकांना तू उत्तर देत बसू नकोस. गाडी विकायची नाही, हे त्यांना आईलाच सांगू दे.

– तुझी ताई