ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे

ताई, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाच्या, नागपूरच्या धंतोलीतून आणलेल्या बायोप्सीच्या (तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर ‘ग्रेड २’ वाचून आपण तो आजाराचा दुसरा टप्पा, म्हणजे स्टेज, समजलात. मीही हीच चूक करून रात्रभर रडले होते. ग्रेड म्हणजे पेशींचे रूप किती बिघडले ते, तर स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरला ते, आणि ती खात्रीने कळते गर्भाशय काढून त्याची तपासणी झाल्यावरच. शस्त्रक्रियेनंतरच्या त्या रिपोर्टमध्ये गाठ गर्भाशयाच्या स्नायूत निम्म्याहून कमी खोल गेली की अधिक, ही ओळ आधी शोधा. आजार उलटण्याची धास्ती मलाही प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री वाटे. उलटलाच तर तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, तेव्हा तपासण्या चुकवू नका आणि योनीतून थेंबभर रक्त दिसले तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.