एसईओसाठी लिहायचं की वाचकांसाठी? (हापूसच्या वेबसाइटबद्दल)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडला घरची बाग आहे, आंबा थेट ग्राहकाला विकायला वेबसाइट काढली. एसईओ (म्हणजे गुगलच्या शोधात वेबसाइट वर आणण्याचं काम) करणाऱ्यांनी सांगितलं की दर शंभर शब्दांत दोनदा 'देवगड हापूस आंबा ऑनलाइन' आलंच पाहिजे. आता तो मजकूर घरच्यांनाही वाचवत नाही. मग गुगलचं ऐकायचं की वाचकाचं?

मी मराठी वेबसाइटचा मजकूर लिहितो, तपासतो. माझं स्पष्ट मत आहे की शंभरात दोनदा हा हिशेब आजच सोडून द्या. गुगलने असं कुठलंही प्रमाण ठरवून दिलेलं नाही. उलट एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबणं त्यांच्या स्पॅमच्या नियमांत मोडतं. सुमार मजकूर मागे ढकलायला त्यांनी २०११ च्या पांडा अपडेटपासूनच (क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला एक बदल) सुरुवात केली. आणि 'मेटा कीवर्ड'ची यादी (पानाच्या कोडमध्ये लिहिलेले, वाचकाला न दिसणारे शोधशब्द) भरून देण्याचे कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. क्रमवारी लावताना आपण ती यादी बघतच नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

मराठीत ही सक्ती जास्तच खटकते. आंबा, आंब्याचा, आंब्यांना असं आपलं रूप बदलत जातं. कीवर्ड जसाच्या तसा ठेवायचा हट्ट धरला की 'देवगड हापूस आंबा ऑनलाइन खरेदी करताना देवगड हापूस आंबा ओळख महत्त्वाची' असलं वाक्य तयार होतं. असं कोणी बोलत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गुगलने वाक्याचा अर्थ लावणारी बर्ट ही प्रणाली मराठीसकट सत्तरहून जास्त भाषांच्या शोधात आणली. तेव्हा प्रत्यय लावायला घाबरू नका.

मग शब्द आणायचे कुठून? तुमच्या व्हॉट्सॲपवरून. गेल्या सीझनला ग्राहकांनी काय काय विचारलं ते काढून बघा. पेटीत किती डझन बसतात? कार्बाइड तर नाही ना लावलेलं? हा कर्नाटकचा आंबा नाही ना? आंबे कच्चे आलेत, पिकवायचे कसे? लोक जे फोनवर विचारतात तेच गुगलवरही टाकतात. प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उपशीर्षक म्हणून घ्या आणि खाली पहिल्याच दोन ओळींत उत्तर द्या.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण सगळी मेख त्यात आहे. तुम्ही बागायतदार 'साका' म्हणता. मुंबई-पुण्याच्या पुष्कळ ग्राहकांना हा शब्द माहीत नसतो. आंबा कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग दिसला की ते घाबरून शोधतात, 'आंबा आतून पांढरा का'. तुमच्या पानावर फक्त 'साका' असेल तर हा माणूस तुमच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून असं लिहा:

'आंबा आतून पांढरा का निघतो? याला आम्ही साका म्हणतो. हापूसमध्ये हा दोष जास्त आढळतो आणि बाहेरून तो दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. असा आंबा निघाला तर फोटो पाठवा, आम्ही बदलून देऊ.'

यात शोधणाऱ्याचे शब्द आले, तुमचा शब्द आला, आणि विश्वासही बसला. (शेवटचं वाक्य अर्थात तुम्ही खरंच बदलून देत असाल तरच.) अढीचंही तसंच. 'आंबे घरी पिकवायचे कसे?' असं शीर्षक द्या आणि पेंढ्यात अढी कशी घालायची ते तुमच्या आईने सांगावं तसं सांगा. ते तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण लिहिणार?

कार्बाइडच्या प्रश्नाला '१००% नैसर्गिक' हे उत्तर पुरत नाही, ते सगळेच लिहितात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे हे सांगा, आणि तुम्ही कसे पिकवता ते सांगा. कर्नाटकच्या प्रश्नाला भौगोलिक मानांकनाचा (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) आधार घ्या. २०१८ मध्ये ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला मिळालं. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लावा.

'देवगड हापूस' हे शब्द हवेतच, पण पानाच्या शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात एकेकदा आले की पुरे. पुढे ओघात येतील तेवढे येऊ द्या. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींनी क्रमांक वाढत नाही, पण बऱ्याचदा त्या वाचूनच माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो. तिथे भाव आणि घरपोच कुठे देता ते लिहा. पानाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक वेळा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि ग्राहकाला तो फसवा दुवा वाटतो.

गुगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे, ते वेबसाइटला जोडून घ्या. लोक काय टाकून तुमच्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं. एखाद्या प्रश्नावर तुमचं पान खूपदा दिसतंय पण कोणी उघडत नाही, असं आढळलं तर आधी त्याचं शीर्षक बदलून बघा.

आणखी एक. दर वर्षी भावाचं नवं पान काढू नका. तेच पान ठेवून भाव आणि तारीख बदला. जूनमध्ये आंबा संपला तरी ते पान उतरवू नका. यंदाचा आंबा संपला आणि पुढची नोंदणी कधी सुरू होईल, एवढं वर लिहून ठेवा.